नोटीसचाचा आणि सावलीची पट्टी

कराची नोटीस आली की लोकांचे तोंड उतरते. नोटीसचाचांना हसू फुटे. पालिकेतून कारकुनी करून निवृत्त झालेला हा गृहस्थ दुसऱ्याची नोटीस उलगडली की पोट धरून हसायचा आणि मग म्हणायचा, "आता घाबरू नको, समजून घे." नगरातले आम्ही सगळे लहानमोठे कारखानदार त्यांच्याच ओट्यावर शहाणे झालो.

लढाईच्या दिवसांत माझा विडीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पडवी, मागे एक लिंब आणि बारा बायका. कामगार जितके, तितकी पट्टी, म्हणजे कर, मालकाने पगारातून कापून भरायची, असा पालिकेचा नियम. मला तो ठाऊकच नव्हता! एक दिवस थेट नोटीस आली : पंधरा दिवसांत भरा, नाहीतर कारखान्याला टाळे. बाराजणींच्या चुलींचा प्रश्न होता. मी धावतच चाचांकडे गेलो.

चाचा मनसोक्त हसले आणि म्हणाले, "कर मानसाला नसतो रे बाबा, जागेला असतो. तुझ्या बाया बसतात कुठं?"

"सावलीत," मी म्हणालो.

झाले! चाचा टाळ्या पिटत उठले. विडीचे पान ओलसरच लागते. उन्हात ते कडकते. म्हणून बायका सकाळी पडवीत बसत आणि दुपारी सुपे उचलून लिंबाखाली जात. पालिकेच्या हद्दीचा दगड नेमका या दोहोंच्या मध्ये होता.

चाचांनी वसुलीच्या साहेबांना दिवसभर पाहणीला बोलावले. साहेब पडवीत खुर्ची टाकून बसले. दुपारी ऊन आत आले, बायका उठल्या. "आमी तर सावलीलाच जानार, सायेब!" सरूबाई म्हणाली. साहेबही घाम पुसत खुर्ची घेऊन मागोमाग गेले.

"साहेब, हद्द वलांडली!" चाचा ओरडले. "हितं तुमचा शिक्का चालत न्हाई!"

बायकांच्या सुपांतल्या विड्या हसण्याने सांडल्या. साहेबही इतके हसले की त्यांना टोपी काढून ठेवावी लागली. बायका अर्धा दिवस हद्दीबाहेर, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे अर्धी पट्टी मान्य केली.

मला हावच सुटली. "उद्यापासून दिवसभर लिंबाखालीच बसवतो," मी म्हणालो. चाचांचे हसू पहिल्यांदाच थांबले. "पानं पालिकेच्या नळावर भिजवतोस ना? मग अर्धी तरी इमानानं भर. आनि बायांना आधी सांग, मगच काप." मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी बायकांना सगळे समजावून सांगितले आणि पट्टी भरून आलो.

पुढच्याच हिवाळ्यात चाचा गेले. जनाज्याला मी गेलो, तर वसुलीचे साहेब माझ्या आधीच येऊन उभे होते. माझा हात धरून ते म्हणाले, "आता अडलं तर मी कुणाला विचारू हो?" मला हसू आले, आणि तिथेच, सगळ्यांदेखत, रडूही आवरेना.