निकालानंतरची मुलाखत

मीरा, ईशान — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. आता सांगते, कारण गेल्या रविवारी फोनवर ईशान म्हणाला, "आजी, ज्यांच्यात मेरिट नसतं तेच कुरकुर करतात. बाबा बघ ना, निव्वळ मेरिटवर इथे परदेशात आला." फोन ठेवला आणि मी संतापले. तुझ्यावर नाही रे. त्या शब्दावर. पण तो आपल्या घरात आणला कुणी?

माझे वडील एखाद्याला गुणी म्हणायचे ते त्याचं वागणं बघून. आम्ही शिक्षकांनी गुण म्हणजे मार्क करून टाकले. आणि मी — मी त्याच्याही पुढे गेले.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. जो तो कॉम्प्युटरचं बोलत होता. सिकंदराबादच्या एका नव्या संस्थेने आमच्या मराठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी एक जागा ठेवली. शिकून झालं की तिथेच नोकरी. लेखी परीक्षेचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं काम चोख असतं. सुमन पहिली आली. गौलीगुडा वस्तीतल्या शिंप्याची मुलगी. एक्क्याण्णव. तुमचा बाबा दुसरा — अठ्ठ्याहत्तर.

मी सुमनचा पेपर पुन्हा तपासला. का तपासला? एक गुणही कापता येईना. मार्कांना मी हात लावला नाही — एवढी मी प्रामाणिक! मी मुख्याध्यापकांना सुचवलं, वीस गुणांची मुलाखत घेऊ, इंग्रजीतून. निकाल हातात आल्यावर. माझाच मुलगा होता म्हणून मी मुलाखत घ्यायला बसले नाही. प्रश्न मात्र मीच काढून दिले. ज्या मुलाकडून मी रोज सकाळी इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घेत होते, तो जिंकणार हे मला ठाऊक नव्हतं? त्याला अठरा मिळाले, सुमनला चार. एका गुणाने जागा आपल्या घरी आली.

सुमनचे वडील शाळेत आले. "बाई, पोरगी पैली आल्ती ना? मग हे मधीच काय काढलं?"

"मेरिट म्हणजे नुसते मार्क नव्हेत," मी म्हणाले.

"हौ, बाई," म्हणाले, आणि गेले. वाद घातला असता तर? नाही घातला. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईवर त्यांनी विश्वास ठेवला, याची मला आजही चीड येते.

बऱ्याच वर्षांनी कोठी भागातल्या एका दवाखान्यात गेले. नंबर पुकारायला सुमन. मला बघून हसली. "बाई, तुम्ही कशाला लाइनीत? चला, आधी सोडते." बाकांवर चौदा माणसं बसली होती. मी मोजली.

आणि मी आत गेले.

लेखी परीक्षेची यादी मी फाडलेली नाही. माझ्या कपाटात आहे, माझ्याच अक्षरातली. तिच्यात पहिलं नाव सुमनचं आहे.