संजीवनीबाईंची बिनक्लचची गाडी

पोलादपुरात संजीवनीबाईंना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्यांची बोलणी खाल्ली नाहीत असा तर शोधूनही मिळायचा नाही. त्या आमच्या पोस्टात होत्या. खिडकीपलीकडे त्या, अलीकडे आम्ही. पाकिटावर पत्ता गिचमिड लिहिला की त्या ते परत सरकवत आणि म्हणत, "हे पोस्टमनला वाचायचंय, देवाला नाही." माझी पिठाची गिरणी पोस्टाच्या समोरच. त्यामुळे दळण टाकून बसलेल्या बायकांची आणि माझी दिवसभर करमणूक होई.

लहानपणी पोलिओने त्यांचा डावा पाय नेला. काखेत कुबडी घेऊन त्या शिकल्या, परीक्षा देऊन पोस्टात लागल्या. लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. कामाला वाघ, आणि जिभेला तिखट. पण या वाघाची एक जागा होती जिथे तिचा अगदी जीव जायचा, ती म्हणजे एसटीची पहिली पायरी. ती पायरी कुणी एवढी उंच केली देव जाणे. बाई स्टँडवर आल्या की कंडक्टर ओरडे, "अरे बाईंना जरा उचला!" मग एक जण दंड धरी, दुसरा कमरेला हात लावी आणि बाई आत जाऊन पडत. उचलणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसे, चांगलंच असे. बाई मात्र महाडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसत. एकदा मला म्हणाल्या, "मुरारीभाऊ, पाय गेल्याचं आता काही वाटत नाही. पोत्यासारखं उचलून ठेवतात, त्याचं वाटतं."

आणि मग दोन हजार तीनच्या सुमाराला बाईंनी गाडी घेतली. कुठल्याशा पेपरात त्यांनी वाचलं होतं, अशी गाडी निघाली आहे की तिला क्लच नाही, गिअर आपले आपण बदलतात, डाव्या पायाला काम नाही. झालं. पोस्टातून कर्ज काढलं, पनवेलला भावाकडे राहून शिकल्या, अपंगांसाठीचं लायसन काढलं आणि एका दुपारी स्वतः चालवत गाडी गिरणीसमोर उभी केली. गाव बघायला लोटलं. हॉटेलवाला सयाजी म्हणाला, "क्लच नाय तर ही घाटात चढायची कशी? खेळण्यातली हाय का?" मीही मान डोलावली, कारण गावात शहाणपण दाखवायला पैसे पडत नाहीत. बाईंनी मला शेजारी बसवलं आणि आंबेनळी घाटात थेट वरपर्यंत नेऊन आणलं. उतरल्यावर मी सयाजीकडे चहा प्यायला गेलो नाही.

घाटातच बाईंचं जन्मगाव. उंबरमाळ नावाची वाडी, रस्त्याच्या वर डोंगरात. शेळ्या, म्हशी, उतारावरची नाचणी-वरी, एवढ्यावर चालणारी घरं. वाडीला रस्ता नव्हता. पायवाटेने उतरून लोक सडकेवरच्या उंबराखाली यायचे. बाई रविवारी तिथवर गाडी नेत, घरची माणसं खाली येऊन भेटत आणि परतताना गाडी भरून जाई. कुणाला ताप, कुणाची प्रसूती जवळ आलेली, कुणाला पोलादपुरात औषध आणायचं. हरिबाची सून रेश्मा अडली तेव्हा तिला डोलीत घालून उंबराखाली आणली आणि पुढे बाईंनी तिला महाडला पोहोचवली. मायलेक दोघं सुखरूप परत आले. वाडीत त्या पोराला अजून 'गाडीवाला' म्हणतात.

उंबरमाळची एक रीत आहे. कुणाच्या गाडीतून उतरायचं तर रिकाम्या हाताने नाही. तवसं म्हणजे मोठी काकडी, मूठभर करवंदं, पेलाभर तूप, पावशेर नाचणी, जे असेल ते सीटवर ठेवायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. बाई ते मुकाट घेत. नाही म्हटलं तर समोरचा पुन्हा गाडीत बसत नाही, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. पैशाला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. हरिबाने एकदा नोट पुढे केली तर बाईंनी भर घाटात गाडी थांबवली आणि म्हणाल्या, "हरिबादादा, ती खिशात घाला, नाहीतर नोटेसकट खाली उतरा." हरिबाने दोन्हीतलं पहिलं केलं.

असं सगळं छान चाललं असताना गाडीला काय झालं कोण जाणे. गिअर टाकला की ती आधी विचार करायची, मग गचका देऊन निघायची. पुढे पुढे घाटात इंजिन नुसतं गुरगुरायचं आणि चाकं जागची हलायची नाहीत. एका वळणावर ती चढता चढता मागे यायला लागली, तेव्हा बाईंनी हँडब्रेक ओढला आणि त्या तशाच बसून राहिल्या. चिरे वाहणाऱ्या ट्रकवर चढवून गाडी पनवेलच्या शोरूमला पाठवली. तिथून सांगणं आलं, गिअरबॉक्स गेला, अख्खा बदलावा लागेल.

आता ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स म्हणजे साधी गोष्ट नाही. तेवढ्या पैशांत आमच्याकडे घरावर स्लॅब पडतो. पण गाडी अजून वॉरंटीत होती, म्हणून बाई निश्चिंत होत्या. दोन दिवसांनी पोस्टात फोन आला. शोरूमच्या माणसांनी गाडी आतून बघितली होती. मागच्या सीटखाली नाचणीचे दाणे, कोंबडीची पिसं, आणि डिकीत शेळीच्या लेंड्या. त्यावरून त्यांनी ताडलं की गाडी भाड्याने फिरते. आणि खासगी गाडी भाड्याने फिरवली की वॉरंटी बाद. खरंखोटं बघायला एक साहेब येतील, असं ते म्हणाले.

बाई संध्याकाळी गिरणीत आल्या आणि पोत्यांवर टेकल्या. कुबडी शेजारी आडवी ठेवली. म्हणाल्या, "वॉरंटी गेली तर गाडी गेलीच, मुरारीभाऊ. पहिलंच कर्ज अजून चालू आहे. पुन्हा एसटीची पायरी." मी म्हटलं, "त्यात काय अवघड? वाडीवर निरोप धाडा. साहेबाने विचारलं तर म्हणा, बाई आम्हाला फुकट नेतात. आणि ते खरंच आहे की." बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाकिटावर पत्ताच लिहिला नव्हता. "फुकट हा शब्द मी माझ्या वाडीच्या तोंडात घालणार नाही," म्हणाल्या आणि कुबडी उचलून निघाल्या. मला राग आला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस असेल तर लोकांनी काय करायचं?

साहेब आले. राजेश नाव, वय तिशीचं, शर्ट खोचलेला, स्वभावाने बरे वाटले. गाडीत बसणाऱ्यांनाच विचारायचं म्हणून उंबरमाळकडे निघालो; त्यांच्या जीपमध्ये पुढे बाई, मागे मी. जीपची पायरीही उंचच होती. राजेश मदतीला हात पुढे करायला लागले, बाईंनी "राहू द्या" म्हटलं आणि घामाघूम होत स्वतःच्या स्वतः चढल्या.

उंबराखाली वाडीची पाच-सहा माणसं बसली होती, हरिबा पुढे. डोक्याला मुंडासं, हातात काठी. हरिबा म्हणजे वाडीचा कारभारीच म्हणा ना. राजेशने सरळ विषयाला हात घातला. "तुमच्या सांगण्यावर बाईंच्या गाडीचं ठरणार आहे. नीट सांगा. तुम्ही त्यांच्या गाडीतून जाता, तर पैसे देता का?"

हरिबा उठून उभा राहिला. एकदा बाईंकडे बघितलं, एकदा साहेबाच्या बुटांकडे.

"देतो तर," तो म्हणाला. "रोख देतो. आमच्या वाडीचा मानूस फुकट बसनारा नाय. आमच्यापायी संजीचं काय नुसकान नाय झालेलं, तुमी तिला बिनघोर गाडी द्या."

मागचे सगळे माना डोलवू लागले. कुणी म्हणालं, जातानाचे वेगळे, येतानाचे वेगळे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तोंड उघडणार तोच बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं. राजेशने बाईंना विचारलं, "हे म्हणतायत ते खरं आहे?"

बाई जीपमध्येच बसल्या होत्या. हरिबा त्यांच्यासमोर ताठ उभा होता, वाडी मागे होती. बाई म्हणाल्या, "हरिबादादा वडीलधारे आहेत. त्यांच्यापुढे मी वेगळं काही बोलणार नाही." राजेशने मान हलवली. हरिबाच्या चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान होतं. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कसं, मुरारी?" मी काय सांगणार, कप्पाळ?

परतायला निघालो तर बनुबाई काठी टेकत पुढे आल्या. वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई, सगळे काकी म्हणतात. म्हशीचं औषध आणायला त्यांना पोलादपुरात यायचं होतं. त्या माझ्या शेजारी बसल्या, मांडीवर फडक्यात काहीतरी बांधलेलं. निम्मा घाट उतरल्यावर त्यांनी फडकं सोडलं आणि हातभर लांबीचं तवसं पुढे राजेशच्या मांडीवर ठेवलं.

"अहो आजी, नको. मी कशाला घेऊ?"

"मंग थांबव गाडी. उतरते मी."

"इथे? घाटात?"

"मंग काय करू? आजवर कुनाच्या गाडीत फुकट नाय बसले, आता म्हातारपनी बसू रे?"

राजेश हसले. तवसं त्यांनी ठेवून घेतलं. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग त्यांनी विचारलं, "आजी, संजीवनीबाईंना पण असंच देता?"

"तिला तूप. लेक हाय ती आमची."

"आणि पैसे?"

"पैसं?" बनुकाकी म्हणाल्या. "पैसं दिलं तर गाडीतून उतरवंल ती. हरिबानं दिलं व्हतं येकदा, तर भर घाटात गाडी हुभी केलीन."

"पण हरिबा तर म्हणाले रोख देतो."

"त्यो पुरुष मानूस हाय, बाबा. तू परका, तुझ्यापुढं काय सांगल? दोन वर्सं झाली तरी फुकट फिरतो म्हनून? त्याला नको बोलू काय. जीवाला लावून घील."

"काकी, गप बसा गो आता," बाई म्हणाल्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, एसटीत बघायच्या तशाच.

राजेशने जीप कडेला घेतली. "बाई, तुम्ही तिथे बोलला का नाहीत? एका वाक्याचं काम होतं. तुमची वॉरंटी जात होती."

बाईंनी खिडकीवरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "साहेब, मला जन्मभर लोकांनी उचलून गाडीत बसवलंय. चारचौघांत दुसऱ्याच्या जिवावर बसणं कसं लागतं, ते मला माहीत आहे. माझ्या गाडीत माझी माणसं ताठ बसतात. ती गाडी वाचवायला मी त्यांनाच खाली मान घालायला लावू?"

मी गिरणीवाला माणूस, माझ्या डोळ्यांत पीठ नेहमीच जातं. त्या दिवशी मात्र गिरणी बंद होती. दोन दिवस या बाईवर मी चरफडत होतो, आणि त्या क्षणी मला वाटलं, हिच्या शेजारच्या गल्लीत आपण राहतो हे आपलं नशीब.

राजेशने पनवेलला जाऊन काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. एवढं खरं की पावसाळा संपता संपता गाडी आली, नवा गिअरबॉक्स टाकून, वॉरंटीत. गाडी घेऊन ते स्वतःच आले होते. परतीची गाडी वीर स्टेशनवरून होती, म्हणून बाईंनी त्यांना सोडायला नेलं. मी होतोच मागे. महाड ओलांडून वीरला पोहोचलो. राजेश उतरले आणि सीटवर पेढ्यांचा पुडा ठेवून, मागे न बघता प्लॅटफॉर्मकडे चालू लागले. बाईंनी हाक मारली नाही. पुडा उचलून मांडीवर घेतला आणि गाडी वळवली.

पुढच्या रविवारी ते पेढे उंबराखाली वाटले. हरिबाने पेढा तोंडात टाकला, गाडीला चहूबाजूंनी फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हनलं नव्हतं मी? सायबाला ठनकावून सांगितलं, रोख देतो म्हनून. म्हनून गाडी झाली. गप बसलो असतो तर बसली असतीस गो संजे, येष्टीच्या पायरीवर."

मी बनुकाकींकडे बघितलं. त्या शेळीच्या कानातला गोचीड काढण्यात गुंतल्या होत्या.

"खरंय, हरिबादादा," संजीवनीबाई म्हणाल्या. "तुम्ही बोललात म्हणून झालं. या, बसा पुढे."