पातळ चुना

बशीरमामा भिंतीला चुना नेहमी पातळ लावायचे. निवडणूक जाहीर झाली की गावातल्या भिंतींवरची पक्षांची चिन्हं पुसायचं काम ग्रामपंचायत त्यांनाच देई, कारण ती काढलेलीही त्यांनीच असत. ग्रामसेवक मागे उभे राहून ओरडायचे, "पेंटर, आचारसंहिता लागलीय. छत्री दिसतेय अजून!" मामा बादलीत ब्रश बुडवत म्हणायचे, "सायेब, वल्लं हाय तवर दिसतंय. वाळू द्या की." वाळल्यावरही दिसायचीच. मी एकदा कारण विचारलं. मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, जाड चुना लावला की रेघ बुजती. चार-पाच वर्सांनी त्योच मानूस त्याच पक्षात परत येतूय. मग नव्यानं मापं कोन घेत बसंल?"

चिन्मय, इरा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की तुमच्या तिकडे परदेशातल्या शाळेत स्वतंत्र झालेल्या देशांचा धडा चालू आहे, तर आजी, तुमच्याकडे पार्लमेंटच्या निवडणुका कशा होतात? मी तुम्हाला जे उत्तर दिलं ते पुस्तकातलं होतं. दौंडच्या हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे असली उत्तरं मला झोपेतही देता येतात. हा देश आणि मी जवळजवळ एका वयाचे. दोघांनाही आपली उत्तरं नीटनेटकी लिहायची सवय आहे. खरं उत्तर जरा लांब आहे आणि बशीरमामांना वगळून ते देता येत नाही.

मामांचं घराणं कित्येक पिढ्या आमच्याच वस्तीवरचं. त्यांचे वडील पोळ्याला बैलांची शिंगं रंगवत. मामा शाळेचे फळे, देवळावरचा खंडोबाचा घोडा आणि उसाच्या ट्रॉल्यांची नावं रंगवत. अंगाने काटकुळे, कानावर पेन्सिल, सायकलच्या दोन्ही बाजूंना रंगाचे डबे, आणि पायजम्यावर सगळ्या पक्षांचे शिंतोडे. "सर्वपक्षीय पायजमा हाय," असं ते स्वतःच म्हणत.

पक्षांची नावं मी लिहीत नाही. लिहून होईपर्यंत ती बदलतात. चिन्हांवरून ओळखा: एक छत्री, एक जहाज. आमच्या भागातल्या लोकांनी पाहिलेलं एकमेव जहाज म्हणजे मामांनी भिंतीवर काढलेलं. मामांनीही कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांचं जहाज खालून उसाच्या ट्रॉलीसारखं आणि वरून कारखान्याच्या धुराड्यासारखं दिसे. कुणी हसलं तर म्हणत, "हितलं जहाज हाय ते. हितं पानी आसतं तर समुद्रातलं काढलं आसतं."

भीमेच्या अलीकडे आम्ही दौंडवाले, पलीकडे शिरूर. खासदार वेगळे. एका निवडणुकीत पलीकडे छत्री आणि जहाजाची युती होती आणि अलीकडे हाडवैर. मामा सकाळी पलीकडच्या भिंतींवर दोन्ही चिन्हं मांडीला मांडी लावून बसवत. दुपारी पूल ओलांडून इकडे येत आणि त्याच डब्यातल्या रंगाने ती एकमेकांच्या अंगावर घालत. "पुलाच्या मधी आलो की सायकल थांबिवतो, बाई," ते म्हणत. "जरा इच्यार करतो, आता म्या कुनाच्या बाजूचा हाय?"

आमच्या बंगल्याच्या कंपाउंडची भिंत पाटसच्या रस्त्याला लागून आहे. लांब, सरळ, दर दिवाळीला पांढरी केलेली. गावातल्या दुसऱ्या प्रत्येक भिंतीवर काही ना काही चढलं. माझ्या भिंतीवर मी कुणाला हात लावू दिला नाही. तरी प्रत्येक निवडणुकीत पुढारी मामांनाच विचारायला पाठवत. मामा फाटकाशी येऊन घसा खाकरत.

"बाई, भित द्येता का?"

"नाही."

"बरं झालं," असं म्हणून ते चहाला आत येत.

आता तात्या. तात्या आमच्या भागाचे पुढारी. स्वतः कधी दिल्लीला गेले नाहीत, पण दुसऱ्याला पाठवायचा मक्ता त्यांच्याकडे. ते आधी छत्रीत होते. मग "जनतेच्या आग्रहाखातर" जहाजात गेले. मग जनतेने पुन्हा आग्रह केला असावा, कारण ते छत्रीत परत आले. मामांचा पातळ चुना कामाला आला तो तेव्हा. कपड्यांची इस्त्री आणि तोंडातला 'विकास' हा शब्द, या दोनच गोष्टी तात्यांपाशी कायम टिकलेल्या मी पाहिल्या. तुमचे आजोबा सोसायटीचे चेअरमन झाले ते तात्यांच्या शब्दावर. आजोबा सरळ होते. असल्या माणसांना आजूबाजूला सरळच माणसं लागतात.

तुमच्या पुस्तकात नसेल असा एक शब्द सांगते: लीड. आपल्या गावातून आपल्या उमेदवाराला समोरच्यापेक्षा किती मतं जास्त पडली, ती लीड. गावपुढाऱ्याची किंमत तिच्यावर ठरते. मत गुप्त असतं, असं मी वर्गात फळ्यावर लिहीत असे. पण मोजणी बूथवार होते, आणि आमच्या वस्तीचा बूथ एवढासा. मोजणीनंतर आकड्यांचा कागद आला की कुठल्या गल्लीने काय केलं ते पुढारी बोटावर सांगतात.

तात्या छत्रीत परतल्यानंतरच्या पार्लमेंटच्या निवडणुकीत त्यांनी भर सभेत माइक हातात घेतला आणि आमच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या वस्तीच्या बूथावर समोरच्याला भोपळा! लिहून घ्या!" टाळ्या पडल्या. मी बायकांच्या पहिल्या रांगेत बसले होते. जहाजाचा उमेदवार काही संत नव्हता. त्याला मत द्यावं असं त्या क्षणापर्यंत माझ्या मनातही नव्हतं. पण मी अजून न दिलेलं मत त्या माणसाने माइकवरून मोजून टाकलं होतं.

निकाल लागला. तात्यांचा उमेदवार भरघोस मतांनी आला. गुलाल उधळला, ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. आणि मग कागद आला. आमच्या बूथवर जहाजाला एक मत होतं.

ते माझं होतं. हे आत्ताच सांगून टाकते. रहस्यकथा लिहायचं माझं वय नाही. तुमच्या आजोबांजवळही मी बोलले नव्हते.

निवडून आलेल्या माणसाला त्या एका मताचं काही नव्हतं. तात्यांना मात्र जेवण जाईना. तालुक्यात लोक विचारू लागले, "काय तात्या, भोपळ्याला देठ फुटला म्हनं?" शेवटी त्यांनी ठरवलं की रविवारी सकाळी खंडोबाच्या देवळात घरटी एका माणसाने यायचं, भंडारा हातात घ्यायचा आणि आपल्या घरातलं मत फुटलेलं नाही अशी शपथ घ्यायची. हळदीचा तो भंडारा हातात घेऊन आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही. निदान आजोबा तरी बोलले नसते.

रविवारी अख्खी वस्ती देवळात. आम्ही बायका पायऱ्यांवर. मामा भिंतीशी स्टुलावर उभे राहून घोड्याचं शेपूट रंगवत होते. तात्या म्हणाले, "आधी चेअरमन. मोठ्या घरापासनं सुरुवात करू." आजोबा पुढे झाले. त्यांनी तळहात पसरला. पुजाऱ्याने त्यावर भंडारा ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती. माझा नवरा माझ्या मतासाठी देवापुढे खोटा पडणार होता, आणि त्याला ते माहीतही नव्हतं. मी चार पावलांवर उभी होते. साठ मुलांचा वर्ग एका शब्दात गप्प करणारा माझा आवाज. तो फुटला नाही.

"थांबा, भाऊसायेब." स्टुलावरून मामा खाली उतरले. "भंडारा खाली ठिवा. त्ये मत माझं हाय."

"पेंटर, चेष्टा करू नको," तात्या म्हणाले.

"चेष्टा न्हाई. जहाजाला दिलं म्या."

"आरं, गावभर माझी छत्री तूच काढली न्हवं? हातानं काढायची आन् बोटानं पाडायची?"

"तात्या, तुमी दोनदा पक्ष बदलला, तवा तुमाला कुनी देवळात न्हाई आनलं. म्या येकदा बटन बदललं तर येवढा गाव गोळा क्येला व्हय?"

कुणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्याने घात केला. मागून आवाज आला, "ह्यांचं आसंच आसतंय." 'ह्यांचं' म्हणजे कुणाचं, ते सगळ्यांना कळलं. बोलणाऱ्याच्या बहिणीच्या लग्नात दारावर गणपती काढला होता तो मामांनी. मामांनी त्या दिशेला मानही वळवली नाही. आजोबांनी हातातला भंडारा परत ताटात ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली.

घरी येऊन मी पोळ्या केल्या. जेवताना आजोबा म्हणाले, "बशीरकडून ही अपेक्षा नव्हती." मी त्यांना आणखी एक पोळी वाढली. तात्यांविषयी मी वर बरंच लिहिलं आहे, तेव्हा या पोळीचीही नोंद इथे असू द्या.

तात्यांनी मामांवर बंदी वगैरे घातली नाही. असले लोक बंदी घालत नाहीत. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार फ्लेक्सवर आले. ट्रॉल्यांची नावं दौंडहून स्टिकरवर येऊ लागली. देवळातल्या घोड्याचं शेपूट अर्धंच राहिलं. वर्षभरात मामांनी डबे बांधले आणि कुरकुंभला लेकीकडे निघाले. जावई तिथे एका कंपनीत पाळीवर होता. जायच्या दिवशी फाटकाशी येऊन त्यांनी घसा खाकरला. निवडणूक कुठेच नव्हती.

"बाई, भित द्येता का?"

"देते," मी म्हटलं. "काय काढायचं ते काढा."

"नगं," ते म्हणाले. "तेवढी येक कोरी ऱ्हाऊ द्या." त्या दिवशी ते चहाला थांबले नाहीत.

आजोबा गेल्यानंतर मी बस पकडून कुरकुंभला गेले. घरापासून तासाभराचाही रस्ता नाही. मला कित्येक वर्षं लागली. मामा एका कंपनीच्या आवारात पिवळे पट्टे आणि बाण मारायचं काम करत होते. मला बघून खूश झाले. "बाई, हितं म्या बान काढला की मानसं खरंच त्या बाजूला जात्यात! जलमात पयल्यांदा माझ्या चिन्हाचा उपेग झाला."

मी येताना वाक्यं तयार करून आणली होती. त्यातलं एकही वापरलं नाही. "मामा, ते मत माझं होतं," एवढंच म्हटलं.

"म्हाईत हाय की."

"कसं?"

"गावात ज्या भितीवर म्या कवाच चिन्ह काढलं न्हाई, आशी येकच भित व्हती. त्यात काय लई डोकं लागतंय?"

"मग तुम्ही का पुढे झालात?"

"भाऊसायेबांच्या हातात भंडारा व्हता. चांगला मानूस खोट्यात ग्येला आसता. माझं काय, म्या रोज भितीवर खोटंच लिवतो."

"आणि तुमचं स्वतःचं मत?"

मामा ओशाळं हसले. "तात्यालाच. म्हैनाभर छत्र्याच काढत व्हतो. मशीनम्होरं उभा ऱ्हायलो, बोट आपसूक छत्रीवरच ग्येलं."

मी म्हटलं, "मी गावात सगळ्यांना खरं सांगते. देवळात, सगळ्यांसमोर."

मामांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "आसं करू नका, बाई. हितं कंपनीत आपल्याकडची पोरं येत्यात. म्हनत्यात, ह्यो बगा, ह्या म्हाताऱ्यानं येकट्यानं तात्याचा भोपळा फोडला. जावई मान द्येतो. ज्या मतापायी गाव सोडलं, त्ये आता माझं हाय. परत मागू नका."

मी मागितलं नाही. मामा मागच्या उन्हाळ्यात गेले. तुम्हाला सांगितलं ते तुमची नावं इथल्या मतदार यादीत नाहीत म्हणून. गावात ते मत बशीरमामांचं आहे आणि त्यांचंच राहील.

तात्या आता पुन्हा जहाजात आहेत. जनतेचा आग्रह. वस्तीच्या फाट्यावर त्यांनी मोठा फ्लेक्स लावला: वर तात्या हात जोडून, खाली कोपऱ्यात मामांचा फोटो, आणि मजकूर असा की, या वस्तीत आमच्या पक्षाला पडत्या काळात एकट्याने मत देणारे निष्ठावंत बशीरभाई यांना भावपूर्ण आदरांजली. फोटोत मामांच्या कानावरची पेन्सिल कापली गेली आहे. फ्लेक्सच्या मागे जुनी भिंत आहे. पहिल्या पावसात तिचा चुना धुपला आणि छत्री वर आली, दांड्यासकट.

गेल्या आठवड्यात तात्या स्वतः फाटकाशी आले. पांढरे कपडे, इस्त्री जिथल्या तिथे. "बाई, आता बशीरभाईंच्या आठवणीसाठी तरी तुमची भित द्या. मोठं जहाज काढू. पुन्याहून आर्टिस्ट आनतो."

"नाही," मी म्हटलं.

आणि सवयीने मामांच्या त्या दोन शब्दांची वाट बघत फाटकाशी उभी राहिले. तात्या गाडीत बसून निघून गेले. मी आत येऊन एकटीपुरता चहा टाकला.