वारंग्याहून साडूच्या विजेच्या गाडीवर

कनेरगाव नाक्यावर हिंगोलीच्या एसटीची वाट बघत उभा होतो, तेव्हा बायको धपाट्यांची पिशवी घेऊन मागून आली. म्हणाली, "वारंग्याला काहून जाऊन राहिले?"

"माणिकरावला भेटून येतो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. माणिकराव माझा साडू, तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लग्नकार्य सोडून त्याच्या दारात मी कधी गेलो नव्हतो.

हिंगोलीला गाडी बदलून नांदेडच्या एसटीत खिडकीशी बसलो. कयाधू कोरडी पडली होती. कळमनुरीच्या पुढे रस्त्याकडेच्या खळ्यांवर उकडलेली हळद वाळत पडलेली, आणि तिचा वास गाडीत भरून राहिलेला. एरवी मी त्या वासावर खूश झालो असतो. त्या दिवशी डोक्यात साडूच होता.

माझं गॅरेज नाक्यावर. चाळीसेक वर्षं पेट्रोलच्या गाड्यांची इंजिनं खोलली. साडूने वारंगा फाट्यावर विजेच्या स्कूटरींचं दुकान टाकलं तेव्हा आमच्या सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "माझ्या धाकल्या जावयाच्या गाडीला तेल लागत न्हाई, धूर न्हाई, आवाज न्हाई." मी समोर बसलेला असायचो. माझं सगळं पोट त्या तेलावर, धुरावर आणि आवाजावर चाललेलं. मोठा जावई मी, पण पाटावर मान त्याला.

गेल्या दसऱ्याला शिरड शहापूरला सासुरवाडीत जमलो होतो. साडूने मेहुण्याला दिलेली नवी स्कूटर गोठ्याशेजारी उभी करून पूजा झाली. सासूबाईंनी खापरात निखारे घेऊन ऊद फिरवला आणि खापर चाकाजवळच ठेवलं. त्या घराची रीत अशी, की पूजेचा ऊद विझवायचा नाही, आपोआप शांत होऊ द्यायचा. सगळे जेवायला बसले. मी हात धुवायला मागे आलो, तर वासराने खापर लवंडलेलं आणि पलीकडचं कुटार (सोयाबीनचा भुसा) पेटलेलं. मी ओरडलो. लोक बादल्या घेऊन येईपर्यंत स्कूटरने पेट घेतला होता.

मग मी मोबाइल काढला. कुटार दिसणार नाही असा कोपरा धरून व्हिडिओ केला आणि वर माझ्या आवाजात बोललो, "बघा, नवी कोरी गाडी, बॅटरी फुटली." संध्याकाळपर्यंत तो जिल्हाभर फिरला. खरं का बोललो नाही असं मी मनाला विचारलं की उत्तर तयार असायचं: सासूबाईंवर ठपका नको. सासूबाई माघात गेल्या, आणि ते उत्तरही गेलं.

वारंग्याला उतरलो. फाट्यावर आलेल्या माणसाने खिचडी खाल्ल्याशिवाय हलायचं नसतं. वाफाळती खिचडी, वर तळलेली मिरची. खाता खाता हॉटेलवाल्याला साडूचं दुकान विचारलं.

"त्या पलीकडं. पण बाबा, लय जवळ उभं राहू नका."

"काहून?"

"बॉम्ब हायेत बॉम्ब! आमी त्याच्या दुकानापुढं बिडीबी वढत न्हाई."

बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो. मिरची मात्र तशीच टाकून उठलो.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काचेआड स्कूटरी धूळ खात होत्या, तरी फरशीवर तेलाचा एक डाग नव्हता. ती फरशी बघूनही मला हेवा वाटला. साडू उठून पुढे आला. "या पाव्हणं. जेवले का?"

"माणिकराव, मी एक सांगायला आलो. दसऱ्याचं."

"म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"कुटार आधी जळालं, गाडी मागून. जाग्यावरची राख पाहिली म्या त्याच दिवशी."

"मग बोलला काहून न्हाई? दुकान बसलं ना तुमचं!"

"आईच्या हातचा ऊद व्हता. त्या जित्या असताना कसं बोलू? अन् आता कोण आयकणार? पुढच्या महिन्यात गाळा सोडून देतो."

माझी खोटी सबब ही त्याची खरी गोष्ट होती. मला तर वाटलं होतं, तो चार शिव्या देईल, मग मी मोकळा होईन. तेवढंही त्याने माझ्या वाट्याला येऊ दिलं नाही. मी म्हणालो, "आत्ताच बोलतो. काढा माझा व्हिडिओ."

तो हसला. "लोक म्हंतील साडूनं पढवून पाठवला. त्यापरीस तुमी ही गाडी घेऊन घरी जा. भर उन्हात. मधी थांबत जा, लोकांना दिसू द्या."

निघालो. आखाडा बाळापूरपर्यंत माझं लक्ष रस्त्यावर नव्हतं, सीटखाली होतं. ऊन मी म्हणत होतं. जरा सीट तापली की वाटे, आता पेट घेते. खोटं मीच रचलेलं, तरी पाय खाली टाकायच्या तयारीत होते. विजेच्या गाड्या पेटतच नाहीत असं नाही. भलता चार्जर, पाणी शिरलेली बॅटरी, कुठलीतरी स्वस्तातली जोडाजोड, यांनी आग लागते. पण पेट्रोल गळून पेटलेल्या गाड्या माझ्या गॅरेजातही येऊन गेल्या, त्यांचा व्हिडिओ मी कधी केला नाही.

कळमनुरीत चहाच्या टपरीवर थांबलो आणि चार्जर लावू का म्हणून विचारलं. चहावाला दोन्ही हात नाचवत पुढे आला. "इथं न्हाई! टपरी जाळता का माझी? ह्यो व्हिडिओ पाहिला न्हाई का?" त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. आतून मीच बोलत होतो.

"ह्यो आवाज माझा हाय," मी म्हणालो.

"चला, कायबी!"

"बघा, नवी कोरी गाडी, बॅटरी फुटली," मी बोलून दाखवलं. चहा पिणारे सगळे वळले. चहावाल्याने व्हिडिओ पुन्हा लावला. "अजून एकदा बोला बरं." मी पुन्हा बोललो.

"आयला! बराबर तोच!"

"बॅटरी न्हाई फुटली. कुटार पेटलं व्हतं. म्या ते दाखवलं न्हाई."

"अन् असं काहून केलं?"

"गाडी साडूची व्हती."

कुणी हसलं नाही. साडूपण सगळ्यांनाच ठाऊक. एक म्हातारा म्हणाला, "माझा साडू परभणीत बंगला बांधून राहिला, तिथं आगकाडी नेऊ का?" मग मात्र टपरी हसली. चहावाल्याने माझा बोर्डाकडे गेलेला हात धरला, जरा विचार केला आणि वायर स्वतः लावली. पण चार्जिंग संपेपर्यंत तो पाण्याची बादली भरून जवळ उभा होता. सगळ्यांचा विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. एकाने तर जाताना विचारलंच, "साडूनं किती दिले?"

पुढे हिंगोलीतही थांबून तेच सांगितलं. ऊन कलल्यावर नाक्यावर पोचलो. गॅरेजपुढची जुनी गिऱ्हाइकं गोळा झाली. कुठून घेतली म्हणून एकाने विचारलं. "वारंग्याला. माझ्या साडूकडं मिळते," मी म्हणालो आणि दसऱ्याची गोष्ट त्यांनाही सांगितली. रस्ताभर पुन्हा पुन्हा सांगितल्यामुळे ती सोपी झाली असेल असं वाटलं होतं. झाली नव्हती. आपल्या गावात, आपल्या गॅरेजपुढे ती सर्वांत जड गेली.

ओसरीवर गाडी चार्जिंगला लावून बसलो, तेवढ्यात साडूचा फोन आला.

"पोचले का पाव्हणं? कशी चालली गाडी?"

"चांगली हाय," मी म्हणालो. "पण चढाला दमते जरा."

"व्हय का?" तो म्हणाला. आवाज पडलेला वाटला. "बघतो मग."

तो फोन ठेवणार, इतक्यात मी घाईने म्हणालो, "माणिकराव, थांबा. परत खोटं बोललो म्या. न्हाई दमत. चढालाबी न्हाई दमत."