पाठ लागली नव्हती

रेल्वेत नोकरी देणाऱ्या कुस्तीच्या निवड चाचणीत मी पहिल्यांदा हरलो, तेव्हा हरलो हे मला कबूलच नव्हतं. पंचांनी समोरच्याचा हात वर केला आणि मी त्यांच्याशीच भांडायला उभा राहिलो. "माझी पाठ कुठं लागली? दाखवा!" पंच हसले. त्या हसण्याचा मला इतका राग आला की कुणाशी हात न मिळवताच मी बाहेर पडलो.

चूक माझीच होती, पण मातीतल्या पैलवानाच्याच हातून होईल अशी. जुन्या शहरातल्या तालमीत मी आठ वर्षं मातीत लढलो होतो. मातीत नियम एकच. दोन्ही खांदे जमिनीला टेकले की हरलास, तोवर कुस्ती चालू. म्हणून दमलेला पैलवान सरळ पोटावर पडतो, छाती मातीला चिकटवतो आणि खुशाल दम खातो. वर बसलेला घाम गाळत राहतो. चाचणी मात्र मॅटवर असते, आणि तिथं हा आराम महागात पडतो. वरचा गडी कंबरेला मिठी घालून तुम्हाला लोळवतो आणि प्रत्येक लोळणीला दोन पॉइंट घेतो. दहाचा फरक पडला की कुस्ती खल्लास. मला तसंच लोळवत नेलं होतं, आणि प्रत्येक वेळी पुन्हा पोटावर आलो की मी मनात म्हणत होतो, वा, वाचलो!

दुसऱ्या वर्षी नियम पाठ करून गेलो. ते डोक्यात होते, पण अंगाला कोण सांगणार? दम लागला की अंग आपोआप पोटावर. पुन्हा हरलो. वयाच्या अटीत आता एकच वर्ष उरलं होतं. काचीगुड्याच्या एका छोट्या ऑफिसात नोकरी करणारे माझे वडील जेवताना म्हणाले, "यंदा बघ. नाही झालं तर बस झालं. जन्मभर बदाम खाऊ घालू का तुला?" मी ताटावरून उठलो. ते बरोबर बोलत होते, म्हणूनच जास्त चिडलो.

तालमीतल्या उस्तादांना पॉइंट कळत नव्हते आणि कळून घ्यायचेही नव्हते. माझ्या हरलेल्या कुस्तीचा व्हिडिओ त्यांनी फोनवर पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि एका जागी बोट ठेवलं.

"ये देख. लुढकाने वाला खुद भी चित होरा ना?"

खरंच की! मला लोळवताना तोही क्षणभर पाठीवर येत होता, आणि त्या क्षणी मी त्याच्या वर होतो. दोन वर्षं मला हे दिसलं नव्हतं.

"पेट पे पडने की आदत नै जाती तेरी," उस्ताद म्हणाले. "जाने दे. वो पलटा तो तू ऊपरीच बैठ जा."

सहा महिने आम्ही एवढंच केलं. तालमीतले सगळे आळीपाळीनं मला लोळवायचे आणि मी अर्ध्यावर कंबर मागं टाकून त्यांच्या छातीवर बसकण मारायचो. बरगड्या सुजल्या, पण जमायला लागलं.

तिसऱ्या वर्षीची चाचणी. सिकंदराबादच्या हॉलमध्ये माझ्या वजनगटात जागा एक, आणि शेवटच्या कुस्तीत आम्ही दोघं. समोरच्यानं मला पाडलं, दोनदा लोळवलं. फळ्यावर सहा-शून्य. दोन्ही वेळा मला उशीर झाला होता. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. तिसऱ्यांदा त्यानं मिठी आवळली आणि उस्ताद ओरडले, "बैठ!" मी बसलो. त्याची पाठ खाली, माझा सगळा भार त्याच्या छातीवर. तो मान रोवून उठायला बघत होता. मी हललो नाही. पंचांचा तळहात मॅटवर आपटला. दोन्ही खांदे टेकले की मॅटवरसुद्धा पॉइंट कुणी विचारत नाही.

मी असा शड्डू ठोकला की मांडीवर पाची बोटं उमटली.

वडील आलेत हे मला माहीतच नव्हतं. हातात ऑफिसचा डबा घेऊन ते मागून आले. डोळे फळ्यावर, आणि तिथं अजून माझ्याविरुद्ध सहा-शून्यच झळकत होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे रे. मन छोटं करू नको. सोमवारी माझ्यासंगं चल, साहेबांना बोलून ठेवलो मी."

"पप्पा, जिंकलो मी."

"अरे, पण तिथं तर..."

"जिंकलो!"

त्यांनी उस्तादांकडं पाहिलं. उस्तादांनी मान डोलावली. वडिलांनी फोन काढला. मला वाटलं घरी लावतील. त्यांनी लावला साहेबांना.

"सर, बेटे की नौकरी का बोला था ना मैं? वो अब नक्को. रेल्वे में लग गया." आणि साहेबांपुढं आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माझा बाप सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडला, "मेरा बेटा पैलवान है सर, पैलवान!"