गोठ्याला लावलेले सरकते दरवाजे

आमच्या गावात, वडप्याला, आमच्या गोठ्याचं गोदाम झालं, तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. म्हशी विकल्या होत्या. धामणकर नाक्याचे एक कापडवाले शेठ संध्याकाळी जागा बघायला येणार होते. सरकते दरवाजे लागलेले असले तर ठीक, नाहीतर शेजारचं गोदाम घेतो, असं त्यांनी वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं.

लोखंडी दरवाजे घेऊन निजामपुऱ्याचे मिस्त्री सकाळीच आले. दरवाजाचा एकेक पल्ला उचलायला चार माणसं लागायची. दोन्ही पल्ले वरच्या एकाच रुळावर चाकांनी लटकणार होते. मिस्त्रींनी पाणी भरलेली प्लास्टिकची नळी काढली; तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं. "पहले लेव्हल बघू, भाऊ."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि त्याचा घराला अजून काही उपयोग झालेला नव्हता. म्हणून असेल, मी बोलून गेलो, "नळी कशाला? दोन्ही टोकांना जमिनीपासून सारख्याच उंचीवर खूण करू. माप सारखं, म्हणजे रूळ सरळ."

"जमीन का भरोसा नाही, भाऊ."

"आमचा पोरगा कॉलेजात हाय," वडील म्हणाले. "त्याचं माप चुकायचं न्हाय."

मिस्त्रींनी नळी गुंडाळून ठेवली.

दुपारी पल्ले चढले. वडिलांनी नारळ फोडला, दोन्ही पल्ले ओढून मधोमध मिटवले आणि नमस्कारासाठी हात काढून घेतले. डावा पल्ला हळूच डावीकडे निघाला. उजवा त्याच्यामागे. आमच्या म्हशी तळ्यावर जायच्या अगदी तशाच, कुणाला न विचारता.

आईने पदर तोंडाला लावला. "जमीन उतरती हाय रं. म्हशींचं मूत वाहून जावं म्हून तुझ्या आजानं तशी केलीय. रोज गोठा कोण धूत होतं?"

मीच धूत होतो. पाणी रोज डावीकडेच जायचं.

 वडिलांनी नळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. चढवलेले पल्ले उतरवताना उचलणाऱ्यांपैकी एकाने मला विचारलं, "कॉलेज अजून किती वर्षं हाय?"

शेठ आले, तेव्हा मिस्त्री शेवटचा बोल्ट आवळून खाली उतरत होते. शेठनी पल्ला एकदा ढकलला. तो सोडला तिथेच थांबला. मग शेठ आत दोन फेऱ्या मारून म्हणाले, "दरवाजा ठीक आहे. पण ही जमीन अशी उतरती कशी?"

 वडिलांनी घसा साफ केला. "मुद्दाम केलीय. आत पाणी शिरलंच तर तुमच्या मालाखाली थांबायचं न्हाय. आपलं आपण निघून जाईल."

शेठनी मान डोलावली. "डोकं कुणाचं?"

वडिलांनी माझ्याकडे बोट केलं. "कॉलेजात हाय."

मी खाली बघितलं. मिस्त्रींनी शांतपणे नळी उचलली आणि तिच्यातलं पाणी जमिनीवर ओतलं. ते सुरसुरत डावीकडे गेलं. शेठ कौतुकाने बघत राहिले आणि म्हणाले, "उद्या माल पाठवतो."