बाबांचा तिसरा खेळाडू

२०१६ साली सासूबाई गेल्या आणि महिन्याभरात बाबा, म्हणजे माझे सासरे, पुण्याहून आमच्याकडे न्यूझीलंडला, फ्लॅट बुशला राहायला आले. आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेला माणूस, पण आता दिवसाला चार वाक्यंही बोलत नसे.

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत होते. शनिवारी ड्युटी करून सोमवारची सुट्टी मुद्दाम मागून घेतली होती. अमेरिकेतला रविवारचा फुटबॉल, म्हणजे त्यांचा तो हाताने फेकून-झेलून खेळायचा, आमच्याकडे सोमवारी सकाळी सहाला सुरू होतो आणि त्यावरच्या फँटसी स्पर्धेत मी दर आठवड्याला उतरायचे. खऱ्या सामन्यांतले खेळाडू निवडून आपली टीम लावायची. ते मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्याला. एका दिवसाचा खेळ, समोर हजारो लोक. मला त्यात गती होती, आणि ते सांगायला मी कधी लाजले नाही.

दोन सोमवार बाबांनी माझ्याशेजारी चहा पीत सामने पाहिले. मला वाटायचं, त्यांचं लक्ष नाही. मग एका रविवारी दुपारी ते माझ्या लॅपटॉपमागे येऊन उभे राहिले.

"हा तर आकड्यांत सगळ्यात चांगला दिसतोय. याला का वगळलंस?"

"तो सगळ्यांनी घेतलाय, बाबा. तो चालला तर सगळेच वर जातील, मी आहे तिथेच. दहाजणांत खेळायचं असतं तर घेतला असता. हजारोंत वर यायचं तर लोकांनी सोडलेला माणूस लागतो."

"आणि तो पडला तर?"

"तर मी तळाला. मधे राहून तरी काय मिळतं?"

त्यांनी खुर्ची ओढली. मी माझी जोडी दाखवली: क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, आणि त्याच्याच संघातला झेलणारा. एका पासवर दोघांचेही गुण.

बाबांनी त्या जोडीवर बोट ठेवलं. "मग समोरच्या संघातलाही एक झेलणारा घे."

"तो तर आपल्या विरुद्ध."

"असू दे. समोरच्यांनी गुण केलेच नाहीत, तर आपला कशाला फेकत बसेल? पुढे असलेला संघ चेंडू घेऊन पळतो, वेळ काढतो. मी पाहिलंय ना."

तीन वर्षं खेळत होते, तरी हे मला सुचलं नव्हतं. माझा एक लाडका खेळाडू काढून मी बाबांचा माणूस टीममध्ये घातला.

सोमवारी दोन्ही संघ एकमेकांना सोडेनात. आपल्या जोडीने गुण केले की समोरचे फेडायचे, त्यात दोनदा बाबांच्याच खेळाडूने. हजारोंत आम्ही एकविसावे आलो. संध्याकाळी बाबांनी आपणहून पुण्याला धाकट्या भावाला फोन लावला. आल्यापासून पहिल्यांदाच. स्वयंपाकघरात मला ऐकू येत होतं, अर्धा तास ते त्याला क्वार्टरबॅक समजावत होते.

पुढच्या सोमवारी आम्ही पार तळाला गेलो.

"निवड बरोबर होती," बाबा म्हणाले.

मलाही तसंच वाटत होतं.